धर्मराजाला नुसती मान खाली घालून बसवू नका

प्रति,
सांगली-मिरजेतल्या गणेश मंडळांच्या जिवंत देखाव्यांचे लेखक, दिग्दर्शक आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

आषाढ सरत आला की मंडळांच्या बैठका सुरू होतात. पावतीपुस्तकं छापायला टाकण्याआधी 'यंदा काय करायचं' यावर एक रात्र जाते. कुणाला शिवराज्याभिषेक हवा असतो, कुणाला व्यसनमुक्ती, कुणाला २०१९ चा महापूर. एकमत होत नाही, चहा गार होतो, आणि मग कुणीतरी द्यूत-वस्त्रहरण काढतं. गोष्ट सगळ्यांना पाठ, पात्रं भरपूर म्हणून गल्लीतल्या सगळ्या पोरांना काम, कपडेपट भाड्यानं मिळतो, आणि वरून साडी सोडायची कप्पी एकदा नीट बसली की गर्दीची चिंता नाही. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. एकदा स्टुडिओत आवाज भरला की संहितेचा काना-मात्रा हलत नाही, पोरं फक्त ओठ हलवतात, हे मी इतकी वर्षं बघत आले आहे.

माझं म्हणणं धर्मराजाबद्दल आहे.

देखाव्यात त्याच्या वाट्याला काय येतं ते आठवून बघा. पडदा उघडतो, शकुनी हसतो, त्या हसण्याला तुम्ही घुमारा लावलेला असतो. फासे पडतात, ढोल वाजतो, युधिष्ठिर कपाळाला हात लावतो. राज्य गेलं, भाऊ गेले, द्रौपदी गेली, हे सगळं दोन मिनिटांत आटपतं. निवेदक सांगतो, 'कपटी शकुनीच्या मायावी फाशांपुढे धर्मराज हतबल झाले.' मग युधिष्ठिराचं काम करणारा मुलगा मान खाली घालतो आणि शेवटपर्यंत वर काढत नाही. पुढचा सगळा खेळ दुःशासनाचा, द्रौपदीच्या किंकाळीचा आणि कृष्णाच्या हाताचा. त्या एका वाक्यात तुम्ही एका राजाला निर्दोष सोडून दिलेलं असतं आणि रांगेतला माणूस 'शकुनी लई बेकार' म्हणत पुढच्या चौकातल्या देखाव्याकडे जातो.

महाभारत त्याला इतक्या सहज सोडत नाही. सभापर्व उघडून बघा. खेळाचं आमंत्रण घेऊन विदुर इंद्रप्रस्थाला येतो तेव्हा युधिष्ठिर स्वतःच म्हणतो की द्यूतानं भांडणं लागतात. तिथं कपटानं खेळणारे बसले आहेत हेही त्याला माहीत आहे. तरी तो निघतो, कारण बोलावल्यावर मागं फिरायचं नाही असं त्याचं व्रत आहे. पटावर बसल्यावरसुद्धा तो शकुनीला सुनावतो की लबाडीचा खेळ हे पाप आहे. म्हणजे समोर कोण बसलं आहे, काय होणार आहे, याची पुरती कल्पना असलेला हा माणूस आहे. 'हतबल' कुठून आला?

मग पणांची यादी. रत्नहार, सोन्यानं भरलेले हंडे, रथ, हत्ती, घोडे. या यादीत एक लाख तरुण दासीही आहेत, अंगावर दागिने घातलेल्या, नाच-गाण्यात निपुण. त्या गेल्या, शकुनी म्हणाला 'जिंकल्या', आणि खेळ पुढे गेला. सभेत कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे द्रौपदीसाठी ज्यांचे गळे दाटून आले त्यांनाही या बायकांचं काही वाटलं नव्हतं. तुम्ही अर्थातच एक लाख दासी स्टेजवर आणू शकत नाही, पण निवेदकाच्या तोंडी एक वाक्य घालायला काय हरकत आहे? माणसं पणाला लावायची सुरुवात भावांपासून झालेली नाही, आधीच झाली होती, एवढं तरी लोकांना कळेल.

भावांमध्ये पहिला नकुल. मग सहदेव. इथं शकुनी टोचतो की माद्रीचे मुलगे लावलेस, भीम-अर्जुन मात्र जास्त लाडके दिसतात. नकुल पहिला होता हे विसरू नका, पुढे कामाला येणार आहे. मग अर्जुन, मग भीम, मग युधिष्ठिर स्वतः. तो हरल्यावर शकुनी त्याला चक्क धर्म शिकवतो, की अजून धन शिल्लक असताना स्वतःला हरणं हे पाप. तुझी एक लाडकी राहिली आहे, तिला लाव आणि स्वतःला सोडवून घे.

आणि युधिष्ठिर तिला लावतो. नुसतं नाव घेऊन लावत नाही, तिचं वर्णन करतो. ती ठेंगणी नाही, फार उंच नाही, तिचे डोळे शरदातल्या कमळाच्या पाकळ्यांसारखे आहेत, असं सुरू होतं. पण मला दर वेळी थांबायला लावतं ते त्यापुढचं. तो म्हणतो, ती सगळ्यांच्या नंतर निजते आणि सगळ्यांच्या आधी उठते. गुराखी आणि मेंढपाळांपर्यंत कुणाचं काम झालं, कुणाचं राहिलं, ते सगळं तिला ठाऊक असतं. म्हणजे या बाईवर आपलं घर कसं उभं आहे ते त्याला स्वच्छ दिसत होतं. ते तो भर सभेत मोठ्यानं बोलला. आणि फासे टाकायला सांगितले. सभेतले म्हातारे 'धिक् धिक्' म्हणाले, विदुर डोकं धरून बसला.

ही ओळ देखाव्यात असली पाहिजे. रात्री साडेअकराला तुमच्या मांडवासमोर पोरांना कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बायका घरातली सगळी कामं उरकूनच आलेल्या असतात, आणि सकाळी घरात पहिल्यांदा त्याच उठणार असतात. त्यांना ती ओळ कुणी समजावून सांगावी लागणार नाही. घरातलं सोनं सोसायटीच्या कर्जात कधी गेलं हे ज्यांना महिन्यानं कळलं, नवऱ्याच्या मोबाइलवरच्या रमीनं बेदाण्याचे पैसे गिळले हे ज्यांना शेजारणीकडून कळलं, त्याही त्या रांगेत असतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कायदा करून बंदी घातली. घरातल्या कोणत्या वस्तूवर कुणाचा हक्क, यावर मात्र कुठला कायदा चूल पेटायच्या आत पोचत नाही. आणि हेच तर द्रौपदीनं विचारलं होतं.

तिला आणायला आधी दुःशासन गेलेला नाही. आधी प्रातिकामी गेला. दुर्योधनाचा साधा नोकर, सूत. तो तिला सांगतो की युधिष्ठिरानं तुला द्यूतात हरवलं, चल. ती रडत नाही, किंचाळत नाही. ती त्याला उलट पाठवते: जा, त्या जुगाऱ्याला भर सभेत विचारून ये, आधी कुणाला हरलास, स्वतःला की मला?

हा प्रश्न तुमच्या एकाही देखाव्यात मी ऐकलेला नाही. सबंध सभापर्व त्याच्याभोवती फिरतं आणि आपण तोच कापतो. प्रातिकामी परत येऊन भर सभेत प्रश्न विचारतो. युधिष्ठिर उत्तर देत नाही. व्यास म्हणतात, तो जणू प्राण गेल्यासारखा झाला, बरं-वाईट काही बोलला नाही. तुमचा युधिष्ठिर मान खाली घालतो ती जागा खरं म्हणजे ही आहे. प्रश्न कापल्यामुळे ती मान नुसती दुःखानं खाली गेल्यासारखी दिसते. प्रश्न ठेवलात तर तीच मान वेगळी दिसेल.

पुढे काय होतं ते तर कुठल्याही कोर्टातल्या जबान्यांपेक्षा भारी आहे. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे. जो धनी राहिला नाही तो दुसऱ्याचं धन लावू शकत नाही हे खरं, पण बायको नवऱ्याच्या ताब्यात असते हेही खरं, तेव्हा मला निर्णय देता येत नाही. कौरवांच्यातला धाकटा विकर्ण उभा राहतो आणि सरळ सांगतो: ही जिंकली गेलेली नाही. ही पाचांची आहे, एकट्याची नाही. तो आधी स्वतःला हरला होता. आणि हिचं नाव शकुनीनं काढलं, यानं आपणहून नाही. शंभरांपैकी एक पोरगा बोलला. त्याला कर्णानं गप्प केलं. तो फक्त गप्प करून थांबला नाही, द्रौपदीला नको ते बोलला आणि पांडवांची नि तिची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला त्यानंच सांगितलं. आपल्याकडे कर्णाला मनातला नायक करायची फार हौस आहे. हल्ली मोबाइलवर रील्स फिरतात त्यांत युधिष्ठिर भित्रा जुगारी, कर्ण दानशूर मित्र, आणि दुर्योधनाची बाजू तर म्हणे कुणी ऐकूनच घेतली नाही. हे बनवणाऱ्या पोरांनी या प्रसंगातलं कर्णाचं बोलणं एकदा वाचावं, मग पुढची रील काढावी.

आणखी एक, अवघड जागेचं. द्रौपदीला ओढत आणली तेव्हा ती रजस्वला होती, एका वस्त्रात होती. तिनं हे सभेत सांगितलं. मूळ ग्रंथात ते झाकलेलं नाही, पुन्हा पुन्हा येतं. देखाव्यात मात्र हे कुणी ठेवणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, कारण गणपतीच्या मांडवात तो शब्द कसा उच्चारायचा! ज्या बाईला त्या अवस्थेत सभेत फरफटवली म्हणून आपण हळहळतो, तीच बाई त्या अवस्थेत तुमच्या मांडवात आली तर चालेल का, हे एकदा बैठकीत एकमेकांना विचारून बघा. उत्तर मला कळवू नका.

भीमाचं काय झालं हेही आपण गाळतो. आपला भीम दुःशासनाचं रक्त प्यायची प्रतिज्ञा करतो, टाळ्या पडतात. पण त्याआधी तो युधिष्ठिरावरच उसळतो. सहदेवाला म्हणतो, आग आण, ज्या हातांनी फासे टाकले ते याचे हात जाळतो. धाकटा भाऊ थोरल्याचे हात जाळायला निघाला आहे आणि अर्जुन त्याला आवरतो आहे, शत्रूसमोर आपण फुटलो असं दिसायला नको म्हणून. पाच भावांचं एकत्र कुटुंब ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. दुर्योधनाला ही भेग बरोबर दिसते. तो म्हणतो, भीम-अर्जुन-नकुल-सहदेवांनी एवढंच म्हणावं की युधिष्ठिर आमचा धनी नाही, मग हिला सोडतो. मोठ्या भावाला खोटा ठरवा आणि बायको सोडवा. अर्जुन काय बोलतो? आधी तो आमचा धनी होता. पण स्वतःला हरल्यावर तो कुणाचा धनी राहिला, ते कौरवांनीच ठरवावं. यात उत्तर आहेही आणि नाहीही. मग कोल्हं ओरडतं, अपशकुन होतात, धृतराष्ट्र घाबरतो आणि वर मागायला सांगतो. प्रश्नाचा निकाल लागत नाही. कुणालाच तो द्यायचा नव्हता.

द्रौपदी पहिला वर काय मागते? युधिष्ठिराला दास्यातून सोडवा. कारण देते ते नीट ऐका: माझ्या प्रतिविंध्याला कुणी दासाचा मुलगा म्हणू नये. यात नवऱ्याबद्दल एक चकार शब्द नाही. दुसऱ्या वरात बाकीचे चौघे, त्यांच्या रथ-धनुष्यांसह. तिसरा वर ती घेतच नाही. कर्णालाच कबूल करावं लागलं की बुडणाऱ्या पांडवांना ही बाई नाव झाली.

कृष्णाबद्दल बोलले नाही तर तुम्हाला वाटेल बाई कृष्णावर उठली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. तिच्या मुख्य संहितेत द्रौपदीनं केलेला कृष्णाचा धावा नाही, तो तळटीपांत गेला आहे. वस्त्रांमागून वस्त्रं येत राहतात, कोण पुरवतं ते तिथं सांगितलेलं नाही. तरी मी म्हणते, कृष्ण ठेवा. लोक त्या हातासाठी तासभर उभे असतात, आणि कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या जे मनात बसलं आहे ते तुम्ही एका रात्रीत उपटू नये. फक्त वनपर्वातलं त्याचं एक बोलणं शेवटी घालता आलं तर बघा. तो पांडवांना म्हणतो, मी तेव्हा द्वारकेत असतो तर बोलावलं नसतं तरी आलो असतो आणि तो जुगार थांबवला असता. साडी पुरवण्यापेक्षा पट उधळणं त्याला जास्त महत्त्वाचं वाटत होतं, असा याचा अर्थ मी घेते.

आता शकुनीच्या फाशांचा शेवटचा आधार. सगळं परत मिळालं, पांडव रथात बसून निघाले, आणि अर्ध्या वाटेतून दूत परत बोलवायला आला: आणखी एक डाव. युधिष्ठिर परत फिरला. या वेळी शकुनी कोण आहे, फासे कसे पडतात, बायकोचं काय झालं, सगळं काही तासांपूर्वीच डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी परत गेला, बसला आणि बारा वर्षं वनवास नि एक वर्ष अज्ञातवास हरून उठला. हा दुसरा डाव मी कुठल्याच देखाव्यात पाहिला नाही. तो दाखवला की निवेदकाचं 'मायावी फाशांपुढे' हे वाक्य जागच्या जागी मरतं, म्हणून तर नाही ना?

मग हा आपला धर्मराज आहे तरी कोण? ढोंगी? रीलवाल्यांचं म्हणणं तेच आहे, आणि इथं माझं त्यांच्याशी पटत नाही. वनात भीम त्याला बोल लावतो तेव्हा युधिष्ठिर स्वतःवर काहीही पांघरूण न घालता सांगतो: मी फासे हातात घेतले ते दुर्योधनाचं राज्य हिरावून घ्यावं या इच्छेनं. व्रत, मोठ्यांची आज्ञा, क्षत्रियाचा धर्म, सगळं बाजूला. मला हाव सुटली होती. कुठल्या राजानं, कुठल्या पुढाऱ्यानं असं सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे? तुम्ही त्याला हतबल म्हणून जे झाकता, ते त्यानं स्वतः उघडं केलं आहे. त्याची अब्रू राखायच्या नादात तुम्ही त्याच्या आयुष्यातलं सर्वांत खरं बोलणं त्याच्याकडून काढून घेता.

द्रौपदीही त्याला वनात तेच विचारते, आणि तिच्या विचारण्यात राग जितका तितकंच नवल आहे. सरळ, मऊ, दानशूर, लाजाळू, सत्य बोलणारा असा तू, तुझ्यात ही जुगाराची बुद्धी आली कुठून? माझ्या मते सबंध महाभारतात युधिष्ठिराबद्दल यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं नाही. ती त्याचा एकही गुण नाकारत नाही. त्यालाही या प्रश्नाचं उत्तर देता आलेलं नाही.

हीच कथा नकुलाकडे परत येते. तळ्याकाठी यक्षासमोर चार भाऊ मरून पडले आहेत, प्रश्नांची उत्तरं झाली, यक्ष म्हणतो एकाला उठवतो, कुणाला उठवू? राज्य परत मिळवायचं तर भीम हवा, अर्जुन हवा. युधिष्ठिर म्हणतो, नकुल. कुंतीचा एक मुलगा मी आहे, माद्रीचाही एक असावा. पटावर माणसं लावायची वेळ आली तेव्हा ज्याला सगळ्यांत आधी सोडलं, त्यालाच आता सगळ्यांत आधी परत मागितलं. शकुनीनं टोचलं होतं ते बारा वर्षं त्याच्या मनात सलत होतं की काय, हे व्यास सांगत नाहीत. मला वाटतं सलत होतं. तुमच्यापैकी कुणाला दोन भागांचा देखावा करायची ताकद असेल, तर डाव्या बाजूला द्यूतसभा आणि उजव्या बाजूला तळं एवढं उभं करा, नकुलाच्या कामाला दोन्हीकडे तोच मुलगा ठेवा. मिरजेतल्या एखाद्या मंडळानं स्वागत कमानीवर ही दोन चित्रं शेजारी शेजारी रंगवली तरी मी मुद्दाम बघायला येईन.

बरं, तळ्यावरून शहाणा होऊन निघालेला हा माणूस अज्ञातवासात कोणतं काम धरतो? विराटाच्या दरबारात फासे खेळणाऱ्या कंकाचं! वनात बृहदश्व ऋषींकडून अक्षविद्या शिकलेला असतो, तीच कामाला लावतो. आणि तिथं कीचक भर दरबारात द्रौपदीला लाथ मारतो तेव्हा भीमाला हा आवरतो, आणि तिला म्हणतो, नटीसारखी इथं काय धावत आलीस, राजांच्या खेळात विघ्न करतेस. ओळख फुटू नये म्हणून बोलला असेल. असेलच. पण त्या वाक्यातला 'खेळ' हा शब्द ऐकून तिथं सैरंध्री नावानं दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीच्या मनात काय गेलं असेल?

आता तुमची खरी भीती. 'बाई, भावना दुखावतील. पोलिसांची परवानगी, मंडळाची बदनामी, नको ते लफडं.' कळतं मला. पण तुम्ही कुठल्या गावात बसून हे म्हणता आहात? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या पटवर्धनांच्या दरबारात 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि मराठी नाटक सुरू झालं, त्याचा दिवस आपण दर ५ नोव्हेंबरला साजरा करतो. याच सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत देश दिसला, आणि थंड राहा, सबुरीनं घ्या म्हणणाऱ्या कंकभटात मवाळ पुढारी दिसले. भर रंगमंचावर धर्मराजाच्या संयमावर बोट ठेवलं गेलं आणि मराठी प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. भावना दुखावल्या त्या इंग्रज सरकारच्या. त्यांनी १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. शेजारच्या हरिपूरच्या देवलांनी म्हाताऱ्याला पोर विकणारा बाप 'शारदा'त उभा केला तेव्हा तरी कुठं आभाळ कोसळलं? आपल्या आजोबा-पणजोबांना जे झेपलं ते तुम्हाला झेपणार नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

श्रद्धेचं म्हणाल, तर श्रद्धा ठेवणाऱ्यांच्या ग्रंथातच हे सगळं लिहिलं आहे. व्यासांनी त्याला धर्माचा मुलगा म्हटलं आणि त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा असंही लिहिलं. अश्वत्थामा मेला म्हणून द्रोणाला सांगून 'हत्ती' हा शब्द पुटपुटला, त्या क्षणी तो रथ जमिनीला टेकवला, तोही व्यासांनीच. सगळ्यांच्या शेवटी त्याला नरक दाखवला. इंद्र कारण देतो ते द्रोणाला फसवल्याचं. द्रौपदीला पणाला लावल्याचं त्या हिशोबात कुठंच नाही, आणि ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. देवांच्या दरबारातही तिच्या प्रश्नावर कुणी बोलायला तयार नव्हतं बहुतेक. महाप्रस्थानात हिमालयात सगळ्यांत आधी तीच पडते. भीम विचारतो, ही का पडली? युधिष्ठिर मागं वळून न बघता सांगतो, हिचा अर्जुनाकडे ओढा जास्त होता. आणि तोच माणूस पुढे एका कुत्र्यासाठी स्वर्गाचा रथ अडवून धरतो, भरवशानं मागं आलेल्याला टाकून मी येणार नाही म्हणतो. कुत्रा प्रत्यक्ष धर्म होता हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणजे ते बोलणं खरं होतं. नरकात अंधारातून भावांचे आणि द्रौपदीचे आवाज येतात तेव्हाही तो देवदूताला परत पाठवतो, म्हणतो मी इथंच राहतो, माझ्यामुळे यांना बरं वाटतं आहे. वळून न बघणारा आणि नरकात थांबणारा, दोन्ही तोच. यातला एक ठेवून दुसरा फेकायचा अधिकार मला नाही, रीलवाल्यांना नाही, आणि तुम्हालाही नाही.

तेव्हा मागणं थोडकं आहे. 'हतबल' वाक्य काढा. 'ती सगळ्यांच्या आधी उठते' ही ओळ युधिष्ठिराच्या तोंडी स्वच्छ आवाजात घाला, मागं ढोल नको. वस्त्रहरणाची तीन मिनिटं कमी करा. दुःशासन इतका वेळ साडी ओढत फिरतो की समोर मोबाइल धरून उभे असलेले काही जण नक्की काय चित्रित करत असतात याची शंका येते. शेवटी कृष्ण झाल्यावर दिवे लगेच घालवू नका, वनातला युधिष्ठिर एका कोपऱ्यात उभा करून त्याच्याकडून ते हावेचं वाक्य वदवून घ्या. शकुनीचं हसणं ठेवा हवं तर, पोरांना आवडतं.

आणि प्रातिकामी घाला. कपडेपटवाल्याकडे त्याच्यासाठी वेगळं काही मागावं लागणार नाही, साधं धोतर आणि उपरणं पुरे. हा एकच माणूस त्या दिवशी द्रौपदी आणि सभा यांच्यामध्ये हेलपाटे घालतो. दुर्योधन त्याला परत जा म्हणतो तेव्हा त्याला द्रौपदीच्या रागाची भीती वाटते आणि तो सभेतल्या सगळ्यांना विचारतो, मी तिला काय सांगू? त्यावर दुर्योधन त्याला भित्रा ठरवून दुःशासनाला पाठवतो. उंचीनं लहान राहिलेलं, दरवर्षी मावळा नाहीतर वानर होणारं एखादं पोर तुमच्या मंडळात असेलच, त्याला हे काम द्या. संवाद लागतील तेवढे मी लिहून देते, मानधन नको. रेकॉर्डिंगला द्रौपदीच्या आवाजासाठी बाई मिळत नसेल तर तेही सांगा, माझ्या माहितीत दोघी-तिघी आहेत, घसा न ताणता बोलणाऱ्या.

कळावे,
गावभागातली एक निवृत्त मराठी शिक्षिका,
सांगली